नावपत्त्यासह

मार्च उजाडला की चँडलरमध्ये संत्र्याची झाडं फुलतात. आमच्या कॉलनीच्या फाटकापाशी अशी सात-आठ आहेत, शोभेची. फळं कडू, कुणी तोडत नाही. नागपूरच्या माणसाला संत्र्याचं झाड दाखवून ते खायचं नाही म्हणणं ही थट्टाच आहे, पण वास मात्र खरा असतो. ऑफिसातून परत येताना मी गाडीची काच खाली करतो, दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग शिंका सुरू होतात. शिंका आल्या की मला नागपूर आठवत नाही, अलाबामा आठवतं.

तिथला वसंत पिवळा असायचा. पाइनच्या झाडांचा पराग वाऱ्यावर उडायचा आणि गाड्यांच्या टपांवर, व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर, वर्गांच्या खिडक्यांवर हळदीसारखा बसायचा. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटानं रेघ ओढण्याजोगं व्हायचं. सगळं कॉलेज नाकाला रुमाल लावून फिरायचं. असे दोन वसंत मी तिथं काढले. त्यातला पहिला कसा गेला ते मला धड सांगता येणार नाही. दुसरा, २००४ चा, मात्र तपशिलासकट आठवतो, आणि आठवला की अजून लाज वाटते.

ते कॉलेज गुलामी संपल्यावर काळ्या मुलांसाठी काढलेलं. गोऱ्यांच्या कॉलेजांत त्यांना घेत नसत, म्हणून त्यांचं वेगळं. मी तिथं पोचलो तो काही फार विचार करून नाही. भौतिकशास्त्रात एमएस करायला सात ठिकाणी अर्ज केले होते, असिस्टंटशिप फक्त तिथं मिळाली. माझ्याबरोबरची हैदराबादची दोन मुलं घरी फोन करताना कॉलेज कसलं आहे ते सांगत नसत. स्टेट युनिव्हर्सिटी आहे, एवढंच म्हणत. मी बाबांना खरं ते सांगितलं, तर त्यांनी इंदोऱ्याच्या बुद्धविहारात पेढे वाटले. पोरगा आपल्याच माणसांत चाललाय, असं ते सगळ्यांना सांगत होते. मलाही तसंच वाटत होतं. आपली माणसं म्हणजे तिथं वरचे-खालचे नसणार, हे मी विमानातच ठरवून टाकलं.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. कॉलेजच्या मधोमध मोठं मैदान होतं, त्याला सगळे यार्ड म्हणत. तिथं एका ओकच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता, गर्द हिरव्या आणि राखाडी रंगानं रंगवलेला. ऊन होतं, मी जाऊन बसलो. डबा उघडणार एवढ्यात एक उंच मुलगा आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, सर, तुम्हाला इथं बसता येणार नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. आजूबाजूची मुलं बघत होती. मी उठलो. कान तापले होते आणि डोक्यात एकच होतं, की एवढ्या लांब येऊन पुन्हा तेच. त्या दुपारी मी जेवलो नाही.

संध्याकाळी हे कर्टिसला सांगितलं. कर्टिस आणि मी कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका जुन्या लाकडी घरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. तो तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता, विषय गणित, वयानं माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गाव अलाबामातल्याच काळ्या मातीच्या कापूसपट्ट्यातलं, वडील लहानपणीच गेलेले, आई मासे कापण्याच्या कारखान्यात कामाला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग समजावलं. तो बाक एका फ्रॅटर्निटीचा. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांची संघटना, नाव ग्रीक अक्षरांचं, एकदा आत घेतलं की सगळे एकमेकांचे भाऊ, मरेपर्यंत. अशा चार-पाच होत्या. प्रत्येकीचं झाड वेगळं, बाक वेगळा, रंग वेगळे, हात मिळवायची तऱ्हा वेगळी. बाक जन्मानं मिळत नाही, मिळवावा लागतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडंही मिळवावाच लागतो म्हणतात, फक्त मागच्या जन्मी. हा विनोद त्याला समजावून सांगायला अर्धा तास लागला आणि समजल्यावर तो हसला नाही.

हळूहळू यार्डाचा नकाशा मला कळत गेला. जेवणाच्या हॉलमध्ये बँडवाले एकीकडे, फुटबॉलवाले एकीकडे. अटलांटा-शिकागोची मुलं खेड्यातून आलेल्यांना पहिल्या वाक्यात ओळखत. आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांचं टेबल दारापाशी, आम्ही तिघे भारतीय तिथंच बसायचो. ज्यांचे आईवडील, आजी-आजोबा याच कॉलेजात शिकले त्यांचा थाट निराळा. ते प्राध्यापकांच्या घरी जेवायला जात. आणि रंग. बाहेरून बघणाऱ्याला सगळे काळे. आत राहिल्यावर कळलं की काळ्यातला काळा किती, याचं माप बऱ्याच जणांच्या डोळ्यांत असतं. ग्रंथालयाच्या बोळात त्या हिरव्या-राखाडी संघटनेचे जुने फोटो लावलेले होते, सूट घातलेले तरुण, दोन रांगांत. बहुतेक सगळे उजळ. पूर्वी म्हणे चेहऱ्याशेजारी वाण्याकडची खाकी कागदी पिशवी धरून बघत, पिशवीपेक्षा काळा असेल तो बाहेर. ते आता राहिलं नाही, असं कर्टिस म्हणायचा. तो स्वतः पिशवीपेक्षा बराच काळा होता. मी ‘गोरी, सुस्वरूप’ अशा जाहिराती वाचत मोठा झालेला माणूस, मी काय बोलणार.

शुक्रवारी दुपारी तासभर वर्ग नसत. यार्डात मोठे स्पीकर लागायचे आणि प्रत्येक संघटना आपल्या झाडाखालून निघायची, एकामागे एक, एकाच तालात, गर्दीतून वळणं घेत. त्या रांगेतून बाहेरच्या माणसानं आरपार जायचं नाही, असा नियम. बूट आपटायचे, मांडीवर टाळी पडायची आणि जमिनीचा हादरा आपल्या पायांना जाणवायचा. आमच्या जयंतीच्या मिरवणुकीतली लेझीम पथकं मी पोटभर पाहिली आहेत, पण याला तोड नव्हती. माझा त्या बाकावर राग होता, तरी मी एक शुक्रवार चुकवला नाही. कर्टिस माझ्याशेजारी उभा असायचा. तो तोंडानं माझ्याशी काहीतरी बोलत असायचा आणि त्याचे पाय ठेका धरून असायचे.

तुला त्यांच्यात जायचंय का, असं मी एकदा विचारलं. त्यानं आधी उडवून लावलं, मग सांगितलं. त्याच्या गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक त्या संघटनेचे होते. कर्टिस दहा वर्षांचा असताना ते वारले. चर्चमध्ये लांबलांबच्या शहरांतून माणसं आली, सगळ्यांच्या कोटावर तीच पिन. त्यांनी शवपेटीभोवती कडं केलं, एकमेकांचे हात धरले आणि गायले. त्यातल्या निम्म्या लोकांनी मुख्याध्यापकांना कधी पाहिलंही नव्हतं. ‘त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले,’ कर्टिस म्हणाला. ‘पेटी उचलायला चार माणसं कमी पडली. शेजारच्या गल्लीतून बोलवून आणावी लागली. मला तसं जायचं नाहीये.’

त्यानंतर मी त्याला त्या विषयावर चिडवलं नाही.

२००४ च्या जानेवारीत त्याची निवड झाली. निवड म्हणजे प्रवेश नव्हे. निवडलेल्या पाच जणांची एक ओळ असते. पुढचे दोन-तीन महिने ती ओळ जुने सभासद सांगतील तसं वागते आणि वसंतात एके दिवशी यार्डात सगळ्यांसमोर येऊन आपली नावं जाहीर करते. हे सगळं कागदोपत्री बंद होतं. कॉलेजनं बंदी घातली होती, संघटनेच्या मुख्य कार्यालयानंही घातली होती, आणि तरी ते चालतं हे कँटीनच्या बाईंपासून सगळ्यांना ठाऊक होतं. सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कर्टिस मला म्हणाला, काही आठवडे मी बाहेर तुला ओळखणार नाही, मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, नाही घेत.

पण लागलं. त्यानं डोक्याचा गोटा केला, रोज पांढरा शर्ट आणि काळे बूट. यार्डात माझ्या हातभर अंतरावरून जायचा आणि नजर समोरच्या भिंतीवर. कुणी दिसूनही न दिसल्यासारखं करणं हे मी लहानपणापासून ओळखून आहे. कारण माहीत असलं म्हणून ते कमी झोंबतं असं नाही. घरी तो कुजबुजत बोलायचा. भिंतीपलीकडून त्याची घोकंपट्टी ऐकू यायची, संस्थापकांची नावं, जन्मगावं, कोण कितवा, आमच्याकडं पोरं पाढे म्हणतात तशी. मग तो उभ्यानं जेवायला लागला. खुर्ची असताना उभा का, तर म्हणाला बसून बसून कंटाळा आला. एकदा तळहात सुजून आले होते, पेन धरता येईना. जिन्यावरून पडलो म्हणाला. आमच्या घराला जिना नव्हता.

मार्चमधल्या एका सकाळी तो पलंगाच्या कडेला बसला होता, नीट बसताही येत नव्हतं, एका कुशीवर रेलून. समोर बूट. त्याला वाकता येत नव्हतं. मी काही न बोलता त्याच्या पायांत बूट चढवले आणि नाड्या बांधल्या. तो छताकडं बघत होता. ‘दोनच आठवडे राहिलेत,’ एवढं म्हणाला आणि भिंतीला धरून बाहेर पडला. व्हरांड्यातल्या पिवळ्या परागात त्याच्या पावलांचे ठसे उमटले होते, एक पाय ओढल्याचे. मी ते बघत उभा राहिलो आणि माझं डोकं फिरलं.

इथं माझ्या बाबांविषयी सांगायला हवं. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते, पण वस्तीत त्यांची ओळख अर्ज लिहिणारे म्हणून होती. नळाला पाणी नाही, शिष्यवृत्ती अडली, पोलिसानं विनाकारण मारलं, की माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसायची. बाबा कार्बन घालून तीन प्रती काढायचे. आठवीत गेल्यापासून ते मला मजकूर सांगायचे आणि मी लिहायचो. अन्याय दिसला की आधी कागद काढायचा, ही आमच्या घरची सवय. इतर घरांत देवाला हात जोडतात तशी. आणि खाली पूर्ण नाव आणि पत्ता. निनावी अर्ज टोपलीत जातो असं ते म्हणायचे, आणि ज्याला नाव लिहायची भीती वाटते त्यानं तक्रार करूच नये.

मी लॅबमध्ये गेलो आणि अर्ज लिहिला. विद्यार्थी विभागाच्या डीनबाईंना, ‘सविनय सादर’ पासून सुरुवात. नव्या मुलांना होणारी मारहाण, सुजलेले हात, उभ्यानं जेवण, बूट, सगळं क्रमानं. कर्टिसचं नाव मुद्दाम घातलं नाही, ‘माझ्या ओळखीचा एक विद्यार्थी’ असं लिहिलं, आणि आपण किती काळजी घेतली याचं मला बरंही वाटलं. खाली सही, पूर्ण नाव आणि पत्ता. डीनबाईंनी माझ्यासमोर दोनदा वाचला. त्यांच्या जाकिटावरही कुठल्याशा संघटनेची पिन होती. त्या विद्यार्थ्याला हे माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याची गरज नाही, जे चूक आहे ते चूक आहे. त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. पायऱ्या उतरताना मला बाबांची फार आठवण आली.

कारवाई झाली, आणि लगेच झाली. संघटना दोन वर्षांसाठी बंद, सभासद निलंबित, ती ओळ रद्द. पाचही मुलांना त्या किंवा दुसऱ्या कुठल्याही संघटनेत पुढं कधीच जाता येणार नाही. आणि माझा अर्ज चौकशीच्या कागदांत सगळ्यांनी पाहिला. पत्ता माझा होता तसा तो कर्टिसचाही होता. अख्ख्या यार्डानं एकच अर्थ काढला, की कर्टिसला झेपेना म्हणून त्यानं परदेशी मुलाकडून लिहून घेतलं.

मार तर थांबला. त्याऐवजी जे सुरू झालं त्याला आमच्याकडं बहिष्कार म्हणतात, तिथं त्याला काही नाव नव्हतं. हॉलमध्ये कर्टिसनं ताट ठेवलं की ते टेबल रिकामं व्हायचं. ओळीतले बाकीचे चौघे, ज्यांच्याबरोबर त्यानं तो सगळा हिवाळा काढला होता, तेही उठायचे. गणिताच्या वर्गात शेजारची खुर्ची मोकळी. शुक्रवारी स्पीकर लागायचे, पण तो यार्डात जाईना. मी त्याच्याबरोबर बसायचो, आणि त्यानं गोष्ट आणखी बिघडायची, हे मला उशिरा समजलं. मी सगळ्यांना सांगत सुटलो की त्याला काही माहीत नव्हतं. कुणी विश्वास ठेवला नाही. मी त्याच्यासाठी डाळभात करून ठेवायचो. तो खायचा, ताट धुवायचा, थँक्यू म्हणायचा आणि खोलीत जायचा.

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर त्यानं सामान बांधलं. शेवटचं वर्ष तो घराजवळच्या दुसऱ्या कॉलेजात करणार होता. मामाचा ट्रक आला होता. मी म्हटलं, कर्टिस, ते तुला मारून टाकत होते. तो म्हणाला, मला माहीत आहे, मी तिथं होतो. एवढंच. रागानं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

माझं एमएस झालं, चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, सुजाताशी लग्न झालं. ती नागपूरला शाळेत शिकवायची. वक्तृत्वाचे इतके चषक मिळालेले की सासूबाई त्यांत उदबत्त्या लावायच्या. इथं आमचा एक मराठी ग्रुप आहे, नऊ-दहा घरं, पुण्या-मुंबईची जास्त. माधवीकाकू त्यातल्या सर्वांत जुन्या, सगळं त्यांच्या घरी ठरतं. या वर्षी पाडव्याच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांनी सुजाताला दिलं होतं. मग एका दुपारी काकूंकडं सगळे जेवताना एप्रिलचा विषय निघाला आणि सुजातानं सहज सांगितलं की आमच्याकडं जयंतीला खीर असते, सगळ्यांनी या. दोन-तीन जण पाण्याचा ग्लास शोधायला लागले. त्या आठवड्यात काकूंचा फोन आला. ‘अगं, सूत्रसंचालन आपण मृणालकडं देतोय. उच्चार जरा शुद्ध हवेत ना. तू बॅकस्टेजला ये, तिथं हेल्प लागणारच आहे.’

सुजातानं फोन ठेवून मला हे शब्दशः सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे, ओव्हरथिंक नको करूस, काकू मनानं चांगल्या आहेत. ती बरं म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी आम्ही तालमीला जातो. ती आत पडदे आणि कपडे बघते, मी बाहेर पुरुषमंडळींत बटाटेवडे खातो. एका तालमीला कुणीतरी कोट्यातून डॉक्टर झालेल्यांवर एक विनोद सांगितला. सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्याच्या सुजलेल्या हातांसाठी डीनबाईंपुढं अर्ज ठेवणारा मी, वडा खाली न ठेवता हसलो. घरी येताना गाडी चालवत मी विचार करत होतो की शनिवार-रविवार किती लांब असतात, आणि माणसं लागतातच. कर्टिस भिंतीला धरून का चालत गेला, ते मला चार वर्षांनी त्या रस्त्यावर कळलं.

त्याच्या आईच्या घरचा नंबर माझ्या जुन्या वहीत होता. पुढच्या रविवारी सकाळी लावला. आईनं त्याचा नंबर दिला. तो आता गावातल्याच शाळेत गणित शिकवतो. आवाज तसाच, मोकळा. मी बरंच बोललो. माझं चुकलं म्हणालो. मग हा पाडव्याचा प्रकार सांगितला, माझं हसणं सांगितलं. आता मला समजतं तू का सहन करत होतास, असं म्हणालो, आणि मी ग्रुपला काही लिहायचं नाही असं ठरवलंय, तुझ्या वेळची चूक पुन्हा करायची नाही. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

‘कार्यक्रम तिच्याकडून काढून घेतला ना?’ तो शेवटी म्हणाला. ‘मग तिचं म्हणणं काय आहे?’

तिनं बरं म्हटलं होतं, एवढंच मी सांगू शकलो.

मग तो हसला, वाईट हसला नाही. ‘अजून तसाच आहेस तू,’ म्हणाला. शाळेची काही पोरं घरी शिकवणीला आली होती, म्हणून त्यानं फोन ठेवला.

सुजाता जेवणाच्या टेबलावर पडद्याला कड्या शिवत होती. तालमीला निघायला तासभर होता. मी समोरची खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, त्या सूत्रसंचालनाचं तुला काय वाटतं, काकूंना लिहायचं का आपण, की नको. तिनं हातातली कडी शिवून पूर्ण केली, दोरा तोडला.

‘तीन आठवड्यांनी विचारतोयस,’ ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

‘लिही नाहीतर नको लिहूस. मला त्या ग्रुपमध्ये कधी जायचंच नव्हतं. तुला जायचं होतं, म्हणून मी गप्प बसले.’